आई-बाबा, प्रिंटरचं काय करायचं ते

प्रिय आई आणि बाबा,

नमस्कार. फोनवर प्रिंटरचा विषय निघाला की आई म्हणते टाकून द्या ते धूड, बाबा म्हणतात अजून चालतोय की, मग दोघंही म्हणता तूच काय ते सांग, आणि तेवढ्यात आपल्या फोटोच्या दुकानात कुणीतरी येतं आणि फोन ठेवला जातो. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

माझं मत आधीच सांगून टाकते. आत्ता लगेच नवीन घ्यायचा नाही, आधी वेस्ट इंकचं पॅड बदलून घ्यायचं आणि मग नोझल चेक बघायचा, म्हणजे प्रत्येक रंग नीट येतोय का ते दाखवणारा रेघांचा कागद. हेड, म्हणजे बारीक भोकांतून, नोझलमधून, कागदावर इंक सोडणारा भाग, खरंच गेलेलं निघालं तर मात्र या मशीनवर एक रुपयाही घालायचा नाही, सरळ नवीन घ्यायचा. आणि दुकान बंद करायचा विषय यात अजिबात आणायचा नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्याच्यावरही मी खाली लिहिलंय.

सांगलीला ज्याच्याकडे मशीन नेलं होतं त्यानं न उघडताच हेड गेलंय म्हणून सांगितलं याचा मला अजून राग येतोय. बाबा, तुम्ही म्हणालात दोन्ही दिवे आलटून पालटून लागतायत आणि कॉम्प्युटरवर सर्व्हिस रिक्वायर्ड असा मेसेज येतोय. हे हेडचं लक्षण नाहीये. हेड क्लीनिंग करताना, बॉर्डरलेस फोटो काढताना, मशीन चालू होताना जी इंक वाया जाते ती खाली एका फेल्टच्या जाड पॅडमध्ये जिरते आणि किती गेली त्याचा हिशोब मशीन स्वतः ठेवतं. पॅड खरंच किती ओलं झालंय ते त्याला दिसत नाही, ते नुसतं मोजत राहतं, आणि ठरलेला आकडा पुरा झाला की काम थांबवतं. आपलं मशीन एवढी वर्षं चालतंय, आकडा भरणारच होता कधीतरी.

एसटी स्टँडजवळ जो पोरगा कॉम्प्युटर रिपेअर करतो तो हे काम करतो, मी त्याच्याशी फोनवर बोललेय. पण त्याला एक गोष्ट तुम्ही समोर उभं राहून सांगा, की नुसतं रिसेटर मारून आकडा शून्य करायचा नाही, पॅड बाहेर काढून नवीन घालायचं. आकडा शून्य केला आणि पॅड तेच ठेवलं तर मशीनला वाटणार सगळं ठीक आहे आणि इंक एक दिवस खालून टेबलावर उतरणार, आणि ते टेबल आईच्या कटरचं आणि पाकिटांचं आहे. जुनं पॅड काढलं की तुम्ही स्वतः हातात घेऊन बघा, काळं आणि जड लागलं तर निदान आपलं बरोबर होतं हे कळेल.

पॅड बदलून दिवे गेले की मग नोझल चेक काढायचा, त्याच्याआधी निघणारच नाही. जानेवारीत तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला नोझल चेक मी परत मोठा करून बघितला. त्यात लाईट मजेंटाच्या रेघा मधेमधे तुटल्यात, बाकीचे पाच रंग चांगले आहेत. तुम्ही म्हणत होता ना की हल्ली चेहरे हिरवट येतात आणि गालावर दाणे दिसतात, त्याचं कारण हेच असणार. आपल्या सहा रंगांच्या मशीनमध्ये लाईट सायन आणि लाईट मजेंटा हे दोन रंग फिकट छटांसाठी असतात, म्हणजे चेहऱ्यात कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, आणि त्यातला गुलाबी कमी पडला की माणूस आजारी दिसायला लागतो. तुम्ही फोटोशॉपमध्ये लाल वाढवत बसलात त्यानं काय होणार होतं, मशीनमधून थेंबच पडत नव्हता.

आता तुटलेल्या रेघा कशा वाचायच्या ते नीट बघा कारण सगळा निर्णय त्याच्यावर आहे. एक नोझल चेक काढा, एकदाच क्लीनिंग करा, दुसरा काढा, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. तुटलेल्या जागा जर सरकल्या, म्हणजे आधी वर तुटली होती आता खाली तुटतेय, तर हेड बरं आहे, नळीत हवा आलीय नाहीतर इंक पुरेशी पोचत नाहीये. मग टाकीत इंक खालच्या रेघेच्या बरीच वर भरा, मशीन बटणानं बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी परत बघा. पण त्याच त्याच जागी, अगदी त्याच रेघा दरवेळी तुटत असतील तर त्या नोझलमध्ये इंक वाळून बसलीय किंवा ते नोझलच मेलंय. तरी रात्रभर थांबून एकदा अजून करून बघायचं, पण एकामागून एक क्लीनिंग मारत बसायचं नाही. बाबांना ही सवय आहे ते मला माहितीये. प्रत्येक क्लीनिंगला इंक जाते आणि ती नवीन पॅडमध्येच जिरते, म्हणजे आपण पुन्हा तिथंच येणार.

हेड का वाळतं त्याचाही मी विचार केला आणि मला वाटतं आपल्याकडे त्याचं मोठं कारण लाइट जाणं हेच आहे. मशीन बटणानं बंद केलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या कॅपवर बसतं आणि ती कॅप त्याला हवा लागू देत नाही. प्रिंट चालू असताना लाइट गेली की हेड अध्येमध्ये उघडं राहतं, आणि तासगावात लाइट गेली की कधी येईल त्याचा नेम नाही, त्यात उन्हाळा. शिवाय रात्री बाबा बोर्डाचं मेन बटण एकदम बंद करून कुलूप लावतात, तेही नको. आधी मशीनचं बटण, त्याचा आवाज पूर्ण थांबू दे, मग बोर्ड. मी एक छोटा यूपीएस पाठवतेय, इंकजेटला वीज फारच कमी लागते, लाइट गेली तर चालू प्रिंट संपवून मशीन बंद करायला भरपूर वेळ मिळेल. मात्र त्याच्यावर झेरॉक्सचं लेझर मशीन लावू नका, ते तापताना एवढी वीज ओढतं की यूपीएस बसेल. आणि गिऱ्हाईक नसलं तरी आठवड्यातून एकदा एक रंगीत फोटो काढायचाच, कुणाचाही, आईचा काढा.

आता समजा हेड गेलंय. त्या सांगलीवाल्यानं हेडचे साडेनऊ हजार सांगितलेत, मजुरी वेगळी. नवीन सहा रंगांचा टँकवाला ए४ फोटो प्रिंटर बावीस-पंचवीस हजारांच्या घरात येतो. बाबा म्हणणार निम्म्यापेक्षा कमीत काम होतंय. पण बाबा, हेड नवीन आलं तरी पंप जुना, कॅपचं रबर जुनं, नळ्या जुन्या, कागद ओढायचे रोलर घासलेले, आत्ताच दोन दोन कागद ओढतोय म्हणता. जुनी कॅप नवीन हेडलाही तशीच वाळवणार. आणि त्या हेडची गॅरंटी कोण देणार आहे? म्हणून म्हणते पॅडवर खर्च करा, अगदी कॅप आणि पंप साफ करायला लागले तरी करा, हेडवर नको.

नवीन घ्यायचा झाला तर माझ्यासमोर दोन आहेत. एक एप्सनचा एल ८०५० आणि दुसरा कॅननचा जी ५७०. दोन्ही सहा रंगांचे, ए४ पर्यंतचे, बाटलीतून इंक भरायचे. एप्सनचं हेड पिएझोवर चालतं, म्हणजे विजेनं आतला पडदा हलतो आणि थेंब बाहेर पडतो. कॅननचं इंक तापवून बुडबुड्यानं थेंब ढकलतं. कॅननमध्ये वेस्ट इंकचा डबा आपला आपल्याला बदलता येतो, ही मला फार मोठी सोय वाटते, पॅडसाठी कुणाच्या दारात जायला नको. पण त्यात लाईट सायन, लाईट मजेंटा नाहीत, त्यांच्याऐवजी लाल आणि ग्रे आहेत, त्यामुळे तुमची इतक्या वर्षांची कलर सेटिंगं नव्यानं बसवावी लागतील. एप्सनमध्ये ते दोन रंग तसेच आहेत आणि पीव्हीसी कार्डंही निघतात, आपल्याकडे आधारकार्ड छापून मागणारे येतात त्यांची सोय होईल. माझा कल एप्सनकडे आहे. फक्त कपाटात ज्या इंकच्या बाटल्या तुम्ही ऑफरमध्ये घेऊन ठेवल्यात त्या कुठल्याच नव्या मशीनला चालणार नाहीत. आहे ते मशीन अजून वर्षभर चालावं असं मला वाटतं त्याला हेही एक कारण आहे. तारखा बघून जुन्या आधी संपवा.

तुमच्या त्या विट्याच्या मित्रानं डाय-सब घ्या म्हणून सांगितलंय, त्याच्याबद्दल. कॅननचा सेल्फी सीपी १५०० तसलाच आहे. त्यात पिवळ्या, मजेंटा, सायन रंगाची रिबन असते, कागद तीनदा आत-बाहेर होतो आणि चौथ्यांदा वरून पारदर्शक थर चढतो. इंक नाही म्हणजे वाळणं नाही, सहा महिने पडून राहिला तरी पहिला फोटो चांगला निघणार, हे खरंय. पण एका ४ बाय ६ कागदाचा खर्च इंकजेटपेक्षा जास्त आहे, आणि मुख्य म्हणजे तो त्याच्यापेक्षा मोठा फोटो काढतच नाही. पासपोर्टचे ८ फोटो त्यात बसतील. ए४ चं काय?

आणि आपल्या दुकानात ए४ म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहितीये. कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं, घरात एकही धड फोटो नसतो, मुलगा नाहीतर जावई रेशनकार्डावरचा नाहीतर लग्नातल्या ग्रुपमधला इवलासा चेहरा घेऊन येतो आणि म्हणतो दहाव्याच्या आत पाहिजे. मग बाबा रात्री बसून तो चेहरा ग्रुपमधून वेगळा काढणार, शेजारच्याचा खांदा पुसणार, टोपी नाहीतर पदर नीट करणार, डोळ्यात थोडा उजेड आणणार. मागं एका आजींच्या फोटोत कुंकू पार उडालं होतं तर बाबांनी त्यांच्या सुनेला विचारून, आडवं लावायच्या का गोल ते विचारून, तेवढंच परत काढलं होतं. तो फोटो बघून ती बाई काउंटरपाशी रडली होती. हे काम सांगलीच्या लॅबला पाठवून होत नाही, म्हणजे प्रिंट होते, पण रंग बरोबर आलाय का बघून परत काढायचा असतो, तेवढा वेळ त्या माणसांकडे नसतो. मला दुकानाबद्दल जे वाटतं ते यामुळे वाटतं.

पासपोर्ट साइजचं काम कमी झालंय हे मलाही दिसतं. पासपोर्टला आता केंद्रातच फोटो काढतात, आधारलाही तिथंच, भरतीच्या फॉर्मला फोटो नि सही अपलोड करायची असते. तरी जूनमध्ये शाळा-कॉलेजला, हॉस्टेलला, बँकेत चिकटवायला फोटो लागतोच, आणि रथोत्सवाच्या दिवसात फॅमिली फोटो काढून घेणारे येतातच. त्यामुळे आई, दुकान ठेवायचं की नाही हे एका बंद पडलेल्या मशीनच्या भरात ठरवू नकोस. तुझं मनगट दुखतं हे मला माहितीये, कटरवर फोटो कापून कापून झालंय ते, आणि बास आता असं तू म्हणतेस ते मला पटतं. म्हणून पासपोर्टचे फोटो कापायला एकदाच दाबून एक फोटो कापणारा पंच येतो तो घेऊ, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा मिळतो, कोपरेही गोल होतात. आणि संध्याकाळी सातनंतर दुकान बंद, हे बाबांनी मान्य करायचं. एवढं झालं तर मग दिवाळीत मी आले की तिघं बसून बोलू.

पैशाचं. नवीन घ्यायची वेळ आली तर पैसे मी देणार. बाबा, हप्त्यावर घ्यायचा नाही, उधार आणायचा नाही, आणि एफडी मोडायची तर नाहीच. माझी पहिली कॉलेजची फी त्या दुकानातून गेलीय, दुसरीही, तर त्या दुकानाचं एक मशीन मला घेऊ दे. यात देणं फेडल्यासारखं काही नाही, मला आवडेल म्हणून. आणि घेतलाच तर त्याच्यात पहिल्या दिवसापासून कंपनीचीच इंक, ती सुटी लिटरवाली नको. काचेत लावलेले सॅम्पल वर्षात कसे पिवळे पडलेत ते बघताय ना.

पॅडवाल्या पोराला मी शनिवारी यायला सांगितलंय. मशीन त्याच्या दुकानात उचलून न्यायचं नाही, टाकीत इंक असताना तिरकं केलं तर सांडते आणि नळ्यांत हवा जाते, त्यानं आपल्याकडे येऊनच करायचंय, तो हो म्हणालाय. काम झालं की दोन्ही नोझल चेक दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, सरळ वरून फोटो काढून पाठवा. पिवळा रंग ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही, तो खिडकीपाशी नेऊन बघा. बाबा विसरले तर आई तू पाठव, तुझ्या फोनचा कॅमेरा जास्त चांगला आहे.

तुमची लेक