भाड्याची स्कूटर घाटात नेण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने जोर धरला की शनिवार-रविवारी गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटात वाहनांची रीघ लागते. साखळीहून केरी, पुढे अंजुणे धरणाच्या कडेने वर सुर्ल्यापर्यंत जाणारा हा रस्ता पावसाळ्यात खरोखरच पाहण्यासारखा असतो. दोन्ही बाजूंना म्हादई अभयारण्याचे रान, समोर ढगात बुडालेले डोंगर. लोकांनी तो जरूर पाहावा. पण या गर्दीत काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या, म्हणजे किनाऱ्यावरून भाड्याने आणलेल्या स्कूटरी पुष्कळ असतात. कळंगुट-बागाच्या सपाट रस्त्यावर ज्या स्कूटरची कधी तक्रार येत नाही, तीच घाट उतरताना दगा देते. असे का होते आणि ते कसे टाळता येते, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. समजा स्कूटर आणि वर दोन माणसे मिळून २५० किलो वजन ६०० मीटर खाली आले, तर त्यातून निघणारी ऊर्जा साधारण पाच लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी असते. थोडी वारा घेतो, थोडी इंजिन घेते. उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. गिअरची मोटरसायकल दुसऱ्या गिअरवर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला मागे ओढते, ब्रेकला फारसे काम उरत नाही. स्कूटरला ही सोय फार थोडी. तिचा क्लच फिरण्याच्या वेगावर लागतो आणि सुटतो. ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी ताशी १५-२० किलोमीटरच्या खाली आली की क्लच सुटतो, आणि मग ती न्यूट्रलमध्ये सोडल्यासारखी घरंगळू लागते. चालवणाऱ्याला वाटते गाडी आपोआप पळते आहे, म्हणून तो ब्रेक दाबून धरतो आणि तसाच दाबून खाली येतो. चूक नेमकी इथे होते. गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटली की ॲक्सिलरेटरला क्षणभर हलका हात द्यावा. क्लच पुन्हा पकडतो. मग ॲक्सिलरेटर बंद करून इंजिनच्या ओढीवर २०-२५च्या वेगाने उतरावे. ब्रेक सतत घासत ठेवू नये. वळणाआधी एकदा नीट दाबून वेग कमी करावा, मग सोडून द्यावा. त्या मधल्या वेळात ब्रेकला वारा मिळतो.

ब्रेक तापल्याची चिन्हे ओळखता आली पाहिजेत. ड्रम ब्रेक असेल तर तापलेला ड्रम फुगून आतल्या लायनरपासून, म्हणजे घासणाऱ्या पट्टीपासून, दूर जातो, आणि लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जाऊ लागतो. डिस्क ब्रेक असेल तर लिव्हर मऊ, स्पंजसारखा लागतो. कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रकारचे नवे ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेले १५५ अंशांनाही उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागत नाही. आपल्या हवेत हे ऑइल दोन वर्षांत बदललेच पाहिजे. लिव्हर मऊ झाला किंवा जळका वास आला, तर रुंद जागा बघून १५-२० मिनिटे थांबावे. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर ओहळाचे पाणी ओतू नये, बिडाला तडा जाऊ शकतो.

चारचाकीवाल्यांनाही दोन शब्द. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही चुकत नाही. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलेला असतो, डी-वर ठेवून उतरू नये. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणे तर अगदी घातक. इंजिन बंद झाले की ब्रेकची मदतनीस यंत्रणा दोन-तीन दाबांतच संपते, स्टिअरिंगही जड होते.

घाटात थांबल्यावर चाकाला धोंडा लावणे चांगलेच. पण निघताना तो धोंडा उचलून गटाराच्या बाजूला टाकायचा असतो. हे फार थोडे लोक करतात. डोक्याएवढा जांभा दगड पावसात भिजून काळपट झाला की डांबरावर दिसतच नाही, आणि मागून धुक्यात येणाऱ्या दुचाकीचे पुढचे चाक नेमके त्यावर चढते. कृपा करून आपला दगड आपण उचला.

धुक्यात हेडलाइट डिमवर ठेवावा. अपरवर धुक्याची पांढरी भिंतच समोर उभी राहते. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नये, कारण मग वळताना तुमचा इंडिकेटर कुणाला कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, तसा नियमच आहे. धबधब्याचे फोटो काढायला वळणावर गाडी लावणे आणि माकडांना खायला घालायला थांबणे, या दोन सवयींनी सगळा घाट अडतो. दरडीच्या बाजूने बारीक खडे पडत असतील किंवा गटारातले पाणी एकाएकी लाल, गढूळ झाले असेल, तर तिथे क्षणभरही उभे राहू नये.

आता भाड्याच्या गाडीकडे वळू. वर्षभर खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या स्कूटरच्या ब्रेकची केबल आतून गंजते. लिव्हर दाबून सोडल्यावर तो झटकन परत आला नाही, तर ती गाडी घेऊ नका. लिव्हरचा मोकळा खेळ साधारण १० ते २० मिलिमीटर असावा. टायरच्या खाचांत आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली असेल तर पावसात ते टायर निरुपयोगी. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरींना डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांचे ब्रेक एकदम लागतात. त्याआधीच्या गाडीला तसे असेलच असे नाही. म्हणून निघण्याआधी रिकाम्या जागेत दोन्ही लिव्हर वेगवेगळे दाबून बघावेत. एवढे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

चोर्ल्याने चढून कणकुंबी, जांबोटी, खानापूर करत अनमोड घाटाने मोल्ले गाठण्याचा बेतही बरेच जण आखतात. रस्ता सुंदर आहे, पण स्कूटरवर एका दिवसात तो करू नये. शेवटचा अनमोड घाट अवजड ट्रकांच्या सोबतीने, दमलेल्या हातांनी आणि बहुधा अंधारात उतरावा लागतो. त्यापेक्षा दक्षिणेला काणकोण, आगोंद, काब द राम हा किनाऱ्याचा रस्ता स्कूटरला मानवतो. तिकडे जाताना मात्र करमल घाटात पहिल्या पावसात सावकाश जावे. डांबरावर साचलेले तेल आणि पालापाचोळा ओला झाला की चाक सटकते. उत्तरेला पेडण्यातल्या केरीहून (ही घाटाखालची केरी नव्हे) तेरेखोलची फेरीबोट धरायची असेल, तर आधी ओहोटीची वेळ पाहावी, वाळू साचली की बोट अडते. आणि वाहन समुद्राच्या वाळूत नेऊ नये. त्याला बंदी आहेच, शिवाय मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवे अंडी घालतात. पावसाळ्याच्या रात्री गुरे कोरड्या डांबरावर बसतात, तेही ध्यानात असू द्यावे.

वाहतूक खात्याला आमची विनंती अशी. रेंट-अ-बाईकचा परवाना देताना प्रत्येक गाडीसोबत वरील तपासणीचा एक पानी कागद, मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत, देणे सक्तीचे करावे. सार्वजनिक बांधकाम खात्याने चोर्ला आणि अनमोड घाटाच्या माथ्यावर, म्हणजे उतार सुरू होण्याआधी, ‘लहान गिअर टाका, ब्रेक दाबून धरू नका’ असे मोठे फलक लावावेत. तसेच झाडीने झाकलेले किलोमीटरचे दगड साफ करून रंगवावेत. रानात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. अपघात पाहिलेला माणूस रेंजमध्ये पोहोचून १०८ वर फोन करतो, तेव्हा ‘घाटात कुठेतरी’ एवढेच त्याला सांगता येते. दगडावरचा आकडा वाचता आला, तर रुग्णवाहिका थेट त्या वळणावर पोहोचेल.

आपले,
वाहनदुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक,
साखळी, गोवा