‘सबख्थनी’ म्हणजे ‘सोडलंस’ असंच आहे

संपादक महोदय,

गुड फ्रायडे जवळ आला की ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी’ या येशूच्या क्रुसावरच्या वाक्यावर (‘माझ्या देवा, माझ्या देवा, मला का सोडलंस?’) लेख येतात, मेसेज फिरतात, आणि त्यात एक दावा डोकावतोच की मूळ अरामी भाषेत याचा अर्थ ‘मला का सोडलंस’ असा नाहीच मुळी, तर ‘यासाठीच मला राखलंस’ असा आहे. मला हे अजिबात पटत नाही आणि त्याचं कारण व्याकरणातच आहे म्हणून लिहितोय.

धातू आहे शबक, सोडणे. ग्रीकमध्ये ‘श’ला अक्षरच नाही म्हणून तिथे ‘स’ आला आणि ‘क्त’चं ‘ख्थ’ झालं. मूळ रूप शबक्तानी, त्यात ‘ता’ म्हणजे तू, ‘नी’ म्हणजे मला, काळ भूत, सगळं एका शब्दात. आपल्या ‘सोडलंस’मधला शेवटचा ‘स’ जे काम करतो ना, तेच तो ‘ता’ करतो.

आता धातू बराच ऐसपैस आहे हे खरं. बायबलमधले दानीएल आणि एज्रा या पुस्तकांतले अरामी भाग बघा. दानीएल ४:१५ मध्ये झाड तोडा पण बुंधा मुळांसकट जमिनीत राहू द्या असा हुकूम आहे, तिथे हाच शबक. एज्रा ६:७ मध्ये राजा दारयावेश बजावतो की देवाच्या मंदिराचं काम चालू द्या, तिथेही हाच. दानीएल २:४४ मध्ये ते राज्य दुसऱ्या लोकांच्या हाती सोडलं जाणार नाही असं आहे, तिथे कर्मणी रूप ‘तिश्तबिक’, आणि काय सुंदर आहे बघा, प्रत्ययातला ‘त’ उडी मारून धातूच्या ‘श’नंतर जाऊन बसतो. सिरियाक (अरामीचीच एक बोली) बायबलमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत तर ऋणं सोड, म्हणजे माफ कर, यालाही हाच धातू.

त्यामुळे ‘राखलंस’ म्हणणाऱ्यांना बुंध्याचा आधार मिळतो. पण ‘लमा’चं काय करणार? तो सरळ प्रश्न आहे, ‘का’. शिवाय ही बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या २२व्या स्तोत्राची ओळ आहे आणि तिथे हिब्रूत ‘अझवतानी’ आहे, म्हणजे टाकून गेलास, तिथे राखण्याबिखण्याला जागाच नाही. एवढी वेदना असलेलं वाक्य गुळगुळीत करून कशाला सांगायचं?

असा मजकूर छापण्याआधी मार्कच्या शुभवर्तमानातलं हे वाक्य, मार्क १५:३४, पूर्ण वाचून घ्यावं ही कळकळीची विनंती, मार्कने त्याच ओळीत ग्रीकमधून अर्थ दिलाय.

– एक वाचक