चिठ्ठी आधी, चर्चा नंतर

नौपाडा, ठाणे

चि. ओवीस अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर म्हणालीस, "सगळ्यांनी हात वर केले म्हणून मीही केला." गटाच्या प्रोजेक्टसाठी ठरलेला ऐरोलीच्या खारफुटीचा सर्व्हे सहा आठवड्यांत होणार नाही हे तुला दिसत होतं, तरीही. तू भित्री आहेस असं मला मुळीच वाटत नाही. पण असं का होतं ते नीट कळलं, तर पुढच्या वेळी काय करायचं ते सुचेल.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांचा १९५१ सालचा प्रयोग बघ. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्या तीनांतली पहिलीएवढ्या लांबीची कोणती, एवढाच प्रश्न. खोलीत खरी परीक्षा एकाचीच असायची; बाकीचे सगळे अॅश यांना आधीच सामील होते आणि १८पैकी १२ वेळा मुद्दाम एकच चुकीचं उत्तर देत होते. ज्यांची परीक्षा होती त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. काहींना आपलेच डोळे चुकताहेत असं वाटलं. काहींना बरोबर उत्तर दिसत होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं. तुझं कुठलं, ते आधी ओळख, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. शंका माहितीची असेल तर ओहोटीच्या वेळा काढ, किती फेऱ्या होतील ते मोज, वनखात्याची परवानगी कोण आणि कधी काढणार ते विचार. भीती असेल तर आकडे हातात असूनही तोंड उघडत नाही.

त्या भीतीवर त्याच प्रयोगांतून दोन गोष्टी हाती लागतात. एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तर मागे जाण्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्यावर यायचं. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायचं असेल, तरी ते बरंच घटायचं. म्हणून आदल्या संध्याकाळी गटातल्या एकीला नुसतं विचार, "तुला हे खरंच पटलंय का?" तिला आपल्या बाजूला ओढू नकोस, नाहीतर तोही एक छोटा कळपच होईल.

जमावाचं मत वाईटच असतं असं मात्र धरू नकोस. १९०६ साली प्लिमथच्या जत्रेत एका बैलाच्या मांसाच्या वजनावर पैज लागली होती. फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने अंदाज लिहिलेली ७८७ तिकिटं तपासली, तेव्हा मधला अंदाज खऱ्या वजनाच्या एक टक्क्याच्या आत निघाला. प्रत्येकाने आपला आकडा वेगळा लिहिला होता, सगळी गंमत त्यातच आहे. तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे होत नाही. पहिला मेसेज पडला की बाकीचे त्यालाच होकाराचा अंगठा टाकतात. आणि सगळे हो म्हणतात म्हणून नाही म्हणणं, यातही निर्णय त्यांच्याच हातात राहतो.

मतांच्या गर्दीत वेगळं पडलीस तरी चालेल, ठाणे स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीत मात्र हट्ट नको. रेटा आला की बॅग पुढे, दोन्ही हात छातीसमोर, पडलेला मोबाईल उचलायला वाकायचं नाही. गर्दीबरोबर सरकायचं, रेटा ओसरला की तिरकं बाहेर, आणि भिंतीला चिकटून राहायचं नाही.

गुरुवारच्या मीटिंगला सहा सारखे कागद ने. कुणी बोलायच्या आत प्रत्येकाने विषय आणि एक अडचण लिहायची, नाव नाही. घडी घालून एका डब्यात टाकायचे आणि सगळे आल्यावरच वाचायचे. जो नेहमी पहिला बोलतो, त्याला वाचायला बसव; म्हणजे त्याचं मत आपोआप शेवटी येईल.

तुझी आई