सूचना : टक्क्याच्या चिन्हाची जुनी पद्धत काढायची का?

सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या सामायिक पायथॉन कोडमधली % वाली जुनी स्ट्रिंग फॉरमॅटिंग (मजकुरात % ने जागा ठेवून तिथे व्हॅल्यू भरण्याची पद्धत) बंद करायची का, हे येत्या रविवारी सकाळी दहाला टिळकवाडीत बसून ठरवू. निपाणी, खानापूरकर ऑनलाइन आले तरी चालेल.

पायथॉनने ही पद्धत काढलेली नाही. प्रश्न फक्त आपल्या कोडचा आहे. नवीन कोडात एफ-स्ट्रिंग (मजकुरातच महिरपी कंसात व्हॅल्यू लिहायची पद्धत, 2016 च्या 3.6 आवृत्तीपासून) वापरावी, यावर फारसा वाद नसावा. एका %एस (एका व्हॅल्यूची जागा) पुढे चुकून दोन व्हॅल्यूंचा टपल, म्हणजे गट, आला की टाइपएरर नावाची चूक येते, ही कटकट तरी टळेल.

खरी अडचण पावतीच्या मजकुराची. तो मराठी आणि कन्नड, दोन्हींत गेटटेक्स्टमधून (मूळ वाक्याचं भाषांतर फाइलीतून शोधून देणारं साधन) येतो. एफ-स्ट्रिंगमध्ये रक्कम आधीच भरली जाते, मग भाषांतराच्या फाइलीत ते वाक्य सापडणार कसं? शिवाय दोन भाषांत शब्दांचा क्रम बदलू शकतो, म्हणून तिथे नावानिशी जागा ठेवणारी % पद्धत किंवा .फॉरमॅट (अशाच जागा नंतर भरणारी दुसरी पद्धत) हवीच. लॉगिंगलाही (प्रोग्रॅम चालताना होणाऱ्या नोंदींना) हात लावू नये, असं माझं मत. तिथे संदेश गरज पडली तरच जुळवला जातो.

येताना आपापल्या फाइलींतली % ची ठिकाणं शोधून आणा. भागाकाराची बाकी काढणारा % कृपया त्यात धरू नका!