जुलैच्या स्पर्धेत मी का उतरणार नाही

कोथरूड, पुणे
१४ जून

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "चालतेस, जिने चढतेस, मग जुलैच्या कबड्डी स्पर्धेत उतरायला काय हरकत आहे?" तेव्हा मी फिजिओच्या खोलीबाहेर उभी होते, त्यामुळे नीट उत्तर देता आले नाही.

जानेवारीत माझे एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे लिगामेंट, तुटले, ते शिवून जोडलेले नाही. माझ्याच मांडीच्या मागची कंडरा काढून, हाडांत बोगदे पाडून, ती लिगामेंटच्या जागी बसवली आहे. ही दोरी सुरुवातीला भक्कम असते, पण पुढे शरीर तिला आपलीशी करू लागते, तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि त्या काळात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ती सर्वांत कमकुवत होते. नेमके तेव्हाच दुखणे ओसरलेले असते आणि माणूस फसतो.

बाबा, तुमचा गुडघा गेला तेव्हा सहा आठवडे प्लास्टर घातले, आणि ते काढल्यावर मांडी पार वाळली होती, असे आजी सांगायची. त्यानंतर तुम्ही पुन्हा चढाईला गेला नाहीत. मला दुसऱ्याच दिवशी उभे केले. आई, तू तेव्हा इथेच होतीस. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मी गुडघा खाली दाबायची आणि मांडीचा स्नायू थरथरायचा, ते पाहून तू खोलीबाहेर गेली होतीस. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, त्यामुळे जखमा मात्र बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या नाहीत. बाबांना आवडेल म्हणून सांगते: १९१८ साली टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, तिथून दुर्बिणीच्या या शस्त्रक्रियेची वाट सुरू झाली.

पण मला वाटते, खरा फरक दुर्बिणीपेक्षा मोजमापात पडला आहे. पूर्वी 'बरे वाटते' एवढ्यावर खेळाडू मैदानात जात. आता मी एका पायावर उडी मारते आणि फिजिओ टेपने अंतर मोजतात. परवा उजव्या पायाने १४२ सेंटिमीटर गेले, डाव्याने ११८. म्हणजे चांगल्या पायाच्या ८३ टक्के झाले. किमान ९० हवेत, आणि मांडीची ताकद वेगळी तपासतात. नॉर्वेतील एका अभ्यासात असे दिसले की नऊ महिन्यांपर्यंत थांबलेल्या दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचा धोका सुमारे निम्मा होत जातो. कबड्डीत तर पाय रोवून अंग वळवण्याचेच काम, आणि एसीएल त्याच हालचालीत तुटते.

नीरज चोप्राचा दाखला तुम्ही दिलात. त्याच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तो थेट जानेवारी २०२० मध्ये परतला. मधली जागतिक स्पर्धाही त्याने सोडली. टोकियोचे सुवर्ण त्यानंतरचे.

माझे नऊ महिने ऑक्टोबरमध्ये भरतात. त्याआधी संघाच्या यादीत माझे नाव देऊ नये, हे मंडळाच्या लोकांना तुम्हीच सांगा. मी सांगितले तर घाबरली म्हणतील. पुढच्या उडीचे अंतर फोनवर कळवते.

तुमची,
सायली