पाणी ओसरल्यावरची काळजी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबलं की तुम्ही चपला हातात घेऊन अनवाणी रस्ता ओलांडता, ते यंदापासून बंद करा. चप्पल वाचते, पण तुमच्या टाचांना भेगा आहेत आणि भिजलेली भेग म्हणजे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) जंतूंना उघडं दार. हे जंतू उंदीर-घुशींच्या लघवीतून येतात. कोरड्या मातीत लवकर मरतात, पण आपल्या पावसाळ्यातल्या उबदार, ओल्या चिखलात आठवडेच्या आठवडे तगतात. 2005 साली 26 जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली ती पाणी ओसरल्यावर, ऑगस्टमध्ये. म्हणून ऊन पडलं तरी फाटकाजवळचा गाळ हाताने उपसू नका.

जावंच लागलं तर गमबूट घाला. त्यात वरून पाणी शिरलं तर मात्र पाय त्याच पाण्यात भिजत राहतो, तेव्हा लगेच काढा. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन 72 तासांच्या आत घ्यायची असते. भेगांचं आवर्जून सांगा, कारण जखम असेल तर डोस बदलतो. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जळजळ होते. कॅल्शियमची गोळी दोन-तीन तासांनी.

आई, पाण्यातून आल्याची तारीख कॅलेंडरवर लिही. ताप बहुधा 5 ते 14 दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कावीळ दिसेपर्यंत थांबलं तर मूत्रपिंडांवर बेततं. तोवर फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही अंगदुखीची गोळी नको.

नळाचंही तसंच. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून सुरुवातीचं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नकोस. बाकीचं गाळून, उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळ. गढूळ पाण्यात यूव्ही फिल्टरवर विसंबू नकोस, गाळाआड जंतू सुटतात.

बाबांच्या गमबुटाचा नंबर कळव. माप जाड मोजे घालून घ्या.

तुमची लेक