ऐन, किंदळ आणि केपची आग

केरी, सत्तरी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "आग हासुद्धा निसर्गाचाच भाग. दक्षिण आफ्रिकेत तर आगीवरच रानं जगतात." मी गप्प झालो. राग आला नव्हता रे. २०२३ च्या मार्चमधला तो वास नाकात परत आला. म्हादई अभयारण्याचे डोंगर दिवसचे दिवस धुमसत होते, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती, आणि आमच्या अंगणात तुळशीवर राख बसत होती. तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या टोकाकडच्या त्या झुडपी रानाला फिनबॉस म्हणतात. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, माती निकस. नुसतं केप द्वीपकल्प घे. सुमारे ४७० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याचा आठवा हिस्सा. आणि तेवढ्यात वनस्पतींच्या २,२०० हून जास्त जाती! त्याहून नवलाची गोष्ट अशी की त्यातल्या कितीतरी एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या आहेत. एकट्या एरिका या झुडपाच्या त्या साऱ्या केप प्रदेशात ६५० वर जाती आहेत.

आपण कॉलेजात काय शिकलो होतो, आठवतं? जितकं नातं जवळचं तितका झगडा मोठा. डार्विननं १८५९ मध्येच हे लिहून ठेवलं. गरजा सारख्या, मग जागेसाठी भाऊबंदकी ठरलेलीच. मग ही भावंडं एका डोंगरउतारावर नांदतात कशी? एरिकाची लांब नळीची फुलं सूर्यपक्ष्यांसाठी, आखूड फुलं कीटकांसाठी, असं उत्तर पुष्कळदा मिळतं. मला ते पुरेसं वाटत नाही. त्यानं संकर टळेल, पण रोपाला उभं राहायला जागा कुणी द्यायची?

इथे आग येते. प्रोटिया या तिथल्या फुलझुडपाचंच बघ. शुगरबुश नावाचा प्रोटिया आगीत मरतो. त्याचं बी मात्र झाडावरच घट्ट मिटलेल्या बोंडांत वर्षानुवर्षं राखून ठेवलेलं असतं. झाड जळालं की बोंडं उघडतात आणि बी राखेत पडतं. त्याचाच भाऊ किंग प्रोटिया वरून जळतो, पण जमिनीतल्या जाड बुडख्यातून पुन्हा फुटतो. त्याच घराण्यातल्या पिनकुशनचं बी मुंग्या बिळात नेतात, वरचा चरबट गर खातात, आणि बी मातीत सुखरूप राहतं. परकी अर्जेंटिनी मुंगी जिथे शिरली तिथे हे बिघडलं. ती गर वरच्यावर खाते आणि बी उघड्यावर टाकते.

आगीनंतर सगळी जमीन एकदम मोकळी होते. पुढच्या पावसाळ्यात रोपं एकाच वेळी उगवतात आणि ज्याला जी जागा मिळाली ती बहुतेक पुढच्या आगीपर्यंत त्याचीच. हे चिठ्ठ्या टाकण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात पीटर सेल या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात प्रवाळातल्या माशांबद्दल हाच विचार मांडला होता. १९८१ मध्ये चेसन आणि वॉर्नर या संशोधकांनी त्याला गणिताची बैठक दिली. दर आग वेगळी असते. उन्हाळा सरताना लागली तर प्रोटियाचं बी लगेच पावसात रुजतं. वसंतात लागली तर तेच बी सबंध उन्हाळा उंदरांच्या तोंडी. एका खेपेला एकीचं फावतं, दुसऱ्या खेपेला दुसरीचं. आणि जिला वाईट खेप आली तिची पुंजी बुडख्यात किंवा मातीत शिल्लक असते. कायमची जिंकत कुणीच नाही.

अर्थात सगळंच नशिबावर नाही. सपाट दिसणाऱ्या तुकड्यातही ओलाव्याच्या बारीक फरकावर जाती आपापली जागा धरतात, हे तिथल्याच अभ्यासांतून दिसलंय. मला दोन्ही पटतं. पाणी वाटण्या करतं आणि आग त्या वाटण्या पुन्हा पुन्हा मोडते.

आता तुझं उरलेलं अर्धं. या साऱ्याचा जीव दोन आगींमधल्या काळात आहे. शुगरबुशला पहिलं बी धरायलाच काही वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली, तर झाड गेलं आणि बीही नाही. आगीवर जगणारी जात आगीनंच त्या उतारावरून पुसली जाते.

आणि आपल्याकडे? आपलं रान म्हणजे फिनबॉस नव्हे. मार्चमध्ये इथे वीज क्वचितच पडते. काडी बहुतेक माणसाच्या हातातली असते, आणि ती दरवर्षी असते. ऐन आणि किंदळ ही झाडंही भाऊच, दोघं एकाच डोंगरावर. मोठ्या ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड. तो तगतो, म्हणून लांबून रान शाबूत दिसतं. गेल्या रविवारी मी घरामागचा उतार चढलो. गेली तीन वर्षं तो लागोपाठ जळलाय. मोठी झाडं उभी आहेत, काळ्या बुंध्यांवर कोवळी पालवीसुद्धा आली आहे. पण गुडघ्याएवढं रोप शोधत तासभर फिरलो. ऐनाचं मिळालं नाही, किंदळाचंही नाही.

मे महिन्यात आलास की आपण दोघं तिथे जाऊ. माईंना माझा नमस्कार सांग.

तुझाच